पहिले संगीत सॉफ्टवेअर निवडताना

होळीच्या दिवसांत मानोरा तालुक्यातील तांड्यांवर नगारा आणि थाळीच्या साथीने लेंगी रंगते. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा समाजाच्या गाण्यांना पूर येतो. वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा भागातील गावांतून एकादशीचे भजन चालते, एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम होतात आणि लग्नसराईत डीजेवाल्यांना उसंत नसते. गाणारे गळे आणि वाजविणारे हात या जिल्ह्यात पूर्वीपासूनच आहेत. मात्र त्यांचे गाणे नीट ध्वनिमुद्रित करावयाचे झाल्यास अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे, तेथे तासाच्या हिशेबाने स्टुडिओ घ्यावा लागे आणि एक डोळा घड्याळावर ठेवून गावे लागे. आता बऱ्यापैकी लॅपटॉप, एक माइक आणि हेडफोन एवढ्या साहित्यावर घरच्या खोलीत गाणे तयार होऊ शकते. त्यामुळे संगीताची आवड असलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सॉफ्टवेअरचा.

या प्रश्नाचे उत्तर सहसा दोन प्रकारे शोधले जाते. एक तर एखादा नामवंत संगीतकार काय वापरतो ते पाहिले जाते, किंवा मित्राच्या पेन ड्राइव्हवर जे उपलब्ध असेल ते संगणकात उतरवून घेतले जाते. दोन्ही मार्गांत आपल्याला नेमके काय ध्वनिमुद्रित करावयाचे आहे, हा मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. परिणामी भजनी मंडळाचे गाणे मुद्रित करू पाहणारा तरुण ढोलाचे ठोके जुळविण्यासाठी बनविलेल्या सॉफ्टवेअरशी महिनोन्महिने झगडत बसतो आणि शेवटी ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे म्हणून संगणक बंद करतो. वास्तविक चूक त्याच्या कानाची नसते.

दोन घराणी

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ढोबळमानाने दोन घराणी आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. पहिले घराणे स्टुडिओतील टेपयंत्राचे. १९९१ मध्ये अमेरिकेतील डिजिडिझाइन कंपनीने ‘प्रो टूल्स’ बाजारात आणले, तेव्हा संगणकाने टेपयंत्राची जागा घ्यावी हाच त्यामागील विचार होता. माइकवरून आलेला प्रत्येक आवाज स्वतंत्र ट्रॅकवर साठवायचा, चुकलेला भाग कापायचा, चांगला भाग जोडायचा आणि शेवटी सर्व ट्रॅकचे मिश्रण करायचे, असा हा क्रम. विनॅम्प हे एकेकाळचे लोकप्रिय गीतवादक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी पुढे तयार केलेले ‘रीपर’ याच वळणाचे आहे.

दुसरे घराणे ठोक्यांचे आणि आवर्तनांचे. बेल्जियममधील इमेज-लाइन कंपनीचे ‘फ्रूटीलूप्स’ १९९७ च्या अखेरीस आले, तेव्हा ते केवळ चार वाहिन्यांचे तालयंत्र होते. चौकोनी खुणा दाबल्या की त्या त्या मात्रेवर ठोका पडे. २००३ मध्ये त्याचे नाव ‘एफएल स्टुडिओ’ झाले, त्यात ध्वनिमुद्रणापासून मिश्रणापर्यंत सर्व सोयी आल्या. तरीही त्याचा पिंड ठोके आणि लूप रचण्याचाच राहिला. २००१ मध्ये बर्लिनहून आलेले ‘एबलटन लाइव्ह’ही आवर्तनांवर उभे आहे. मंचावर प्रत्यक्ष कार्यक्रम चालू असताना तुकडे हवे तसे पुढेमागे करता यावेत, ही त्यामागील कल्पना.

‘क्यूबेस’ची वाट थोडी निराळी आहे. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये ते अटारी संगणकासाठी काढले, तेव्हा त्यात आवाज साठविला जात नसे. कीबोर्डवर कोणती पट्टी, केव्हा आणि किती जोराने दाबली, एवढीच नोंद होई. या नोंदीच्या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ मध्ये रूढ झाली आणि आजही तीच चालते. आवाजाची सोय पुढे आली. १९९६ मध्ये याच कंपनीने व्हीएसटी हा प्रकार आणला, ज्यामुळे एका कंपनीचे वाद्य किंवा परिणाम दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडता येऊ लागला. आज तबला, सतार, बासरीचे ध्वनी देणारे ‘स्वरप्लग’सारखे संच याच पद्धतीने जोडले जातात.

आज प्रत्येक सॉफ्टवेअर थोडेफार सर्वच करते. परंतु हात कोठे सहज जातो आणि कोठे अडखळतो, हे त्या त्या घराण्यावरच अवलंबून असते. म्हणून आवाज माइकमधून येणार आहे की संगणकाच्या आतच घडणार आहे, हा प्रश्न नवोदिताने स्वतःला प्रथम विचारावा. भजन, कीर्तन, लेंगी, भीमगीतांचा वाद्यवृंद यांसाठी रीपरच्या घराण्यात जावे. लग्नाच्या वरातीसाठी रिमिक्स, रॅप किंवा जाहिरातीची धून करणाऱ्यास एफएल स्टुडिओ जवळचे वाटेल. गायकाचा एकच आवाज तयार संगीतावर चढवायचा असेल, तर दोन्हींपैकी काहीही चालते.

तालाची आणि सुराची अडचण

सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीताच्या हिशेबाने बांधलेली आहेत, याची जाणीव पहिल्या दिवशीच होते. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार मात्रांचे माप आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासची लय गृहीत धरतात. आठ मात्रांचा केरवा आणि सोळा मात्रांचा त्रिताल या चौकटीत सहज बसतात. दादऱ्याच्या सहा, रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा मात्रांसाठी मात्र माप बदलावे लागते. ती सोय सर्वच प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आहे. केवळ ती कोठे आहे ते आधी शोधून ठेवावे. रूपकाच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. संगणकाचा ठोकायंत्र पहिल्या मात्रेवर जोर देतो, तर रूपकाची सम खालीवर असते. गाणाऱ्याच्या कानावर उलटा जोर पडत राहिल्याने तो बिचकतो. अशा वेळी पहिल्या ठोक्याचा जोर काढून सर्व ठोके सारखे करावेत.

भजनाची अडचण याहून मोठी आहे. भजनी ठेका संथ सुरू होतो, अभंग चढत जातो आणि नामाच्या गजरात लय कधी वाढली हे वाजविणाऱ्यालाही कळत नाही. या चढत्या लयीतच भजनाचा प्राण असतो. ठोकायंत्र लावून असे भजन मुद्रित केले, तर मंडळ जागच्या जागी बसवल्यासारखे वाटते. म्हणून येथे ठोकायंत्र बंद ठेवावे, मंडळाला त्याच्या लयीत गाऊ द्यावे आणि आवश्यक असल्यास नंतर सॉफ्टवेअरला ती लय शिकवावी. रीपर व क्यूबेसमध्ये गाण्याच्या वेगवेगळ्या जागी वेगवेगळी लय नोंदविता येते. ॲपलच्या ‘लॉजिक प्रो’मध्ये २०१८ पासून सॉफ्टवेअर स्वतःच लय ओळखण्याचा प्रयत्न करते. ठोक्यांच्या चौकटीवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम जिकिरीचे होते. ज्याला मुख्यतः भजनच करावयाचे आहे, त्याने केवळ या एका कारणासाठीही पहिले घराणे निवडावे.

सुराचे तंत्रही समजून घेतले पाहिजे. गायक ‘काळी एक’ म्हणतो तेव्हा सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सी शार्प शोधावा लागतो. ‘पांढरी एक’ म्हणजे सी, ‘काळी चार’ म्हणजे जी शार्प. एवढे तक्ता करून भिंतीवर लावले की काम भागते. परंतु गावातील जुन्या पेटीचे सूर संगणकाच्या ४४० हर्ट्झच्या मापाला तंतोतंत जुळतीलच असे नाही. पेटी मुद्रित केल्यावर त्यावर संगणकातील तानपुरा किंवा बासरी चढविली आणि काही तरी बोचू लागले, तर दोष बहुधा येथेच असतो. पेटी बदलता येत नाही. संगणकातील वाद्याचा सूर मात्र थोडा वर-खाली करता येतो. निवडीच्या वेळी ही सोय पाहून घ्यावी. मींडेसाठीही तेच. मिडीच्या नोंदीत सूर एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारतो. तो घसरत न्यावयाचा तर पिच बेंडची रेषा हाताने काढावी लागते. हे काम एफएल स्टुडिओत चांगले होते, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावे.

पैशांचा आणि परवान्याचा हिशेब

रीपरची पद्धत नवोदिताला सर्वांत सोयीची आहे. ६० दिवस ते कोणत्याही बंधनाशिवाय पूर्ण वापरून पाहता येते. पुढे व्यक्तिगत वापरासाठी व अल्प उत्पन्न असणाऱ्यांसाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे सुमारे पाच हजार रुपयांना मिळतो. ते आकाराने लहान असल्यामुळे मोबाइलच्या इंटरनेटवरही पटकन उतरते आणि जुन्या संगणकावर चालते. दोष हा की त्यासोबत वाद्यांचे ध्वनी जवळपास काहीच येत नाहीत. रिकाम्या खोलीसारखे ते वाटते. भजनी मंडळाला त्याचे काही नाही, कारण वाद्ये त्यांची स्वतःचीच असतात.

एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतले की पुढील आवृत्त्या विनामूल्य मिळतात, हे त्याचे मोठे आकर्षण. चाचणी आवृत्तीला मुदत नाही. पण जतन केलेले काम परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे एका बैठकीत गाणे संपवावे लागते. सराव म्हणून ही अट वाईट नाही. त्याच्या निरनिराळ्या किमतींच्या श्रेणी आहेत आणि सर्वांत स्वस्त श्रेणीत माइकवरून ध्वनिमुद्रण करण्याची सोय वर्षानुवर्षे नव्हती. स्वस्त म्हणून घेतले आणि गायकाचा आवाजच घेता येईना, असे व्हावयास नको असेल, तर श्रेणीनिहाय सुविधांचा तक्ता पैसे भरण्यापूर्वी शब्दशः वाचावा.

पूर्णपणे विनामूल्य पर्यायही बरेच आहेत. २००० पासून चालत आलेले ‘ऑडॅसिटी’ आवाज मुद्रित करणे, कापणे, खरखर कमी करणे यासाठी उत्तम आहे; त्यात वाद्यरचना करण्याची अपेक्षा ठेवू नये. ‘एलएमएमएस’ याच्या उलट, रचनेसाठी आहे. प्रो टूल्सची ‘इंट्रो’ ही विनामूल्य श्रेणी २०२२ पासून मिळते आणि तीत ध्वनीचे आठ ट्रॅक घेता येतात. पेटी, मृदंग, टाळ, मुख्य गायक आणि टाळकरी यांना ते पुरतात. ॲपलचे ‘गॅरेजबँड’ २००४ पासून आहे व फार चांगले आहे, परंतु त्यासाठी ॲपलचाच संगणक किंवा फोन हवा. अँड्रॉइड फोनवर ‘बँडलॅब’ चालते. चाल सुचताच टिपून ठेवण्यास ते उपयोगी आहे. शिवाय ध्वनियंत्र अर्थात ऑडिओ इंटरफेस विकत घेतला, तर अनेकदा त्याच्या खोक्यातच क्यूबेस किंवा एबलटन लाइव्हच्या छोट्या आवृत्तीचा परवाना असतो. तो पाहण्यापूर्वीच दुसरे सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे दुहेरी खर्च.

राहता राहिली पेन ड्राइव्हवरची ‘क्रॅक’ आवृत्ती. फुकट मिळते, सर्वच वापरतात, असा तिचा बचाव केला जातो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आर्थिक लाभासाठी वापर नसल्यास न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. पण लग्नाच्या ऑर्डरीवर पोट असणाऱ्याला ही पळवाट नाही. कायदा दूर ठेवला तरी व्यवहारातही हा सौदा तोट्याचाच ठरतो. अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात, त्या अद्ययावत करता येत नाहीत आणि ऐन लग्नसराईत संगणक बसला तर विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न उरतो. चांगले विनामूल्य पर्याय नव्हते त्या काळात हा बचाव समजण्यासारखा होता. आता तो पटत नाही.

संगणक, विलंब आणि वीज

सॉफ्टवेअर निवडताना आपला संगणक विसरून चालत नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. जागेचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मापाने मुद्रित केलेला एक ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेतो. आठ ट्रॅकवर दहा मिनिटांचा अभंग म्हणजे जवळपास ७०० एमबी. एका सप्ताहाचे भजन टिपावयाचे तर स्वतंत्र हार्ड डिस्कची तजवीज आधीच हवी.

नवोदितांना सर्वाधिक त्रास विलंबाचा होतो. माइकमध्ये गायलेला सूर संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत वेळ जातो. हा वेळ बफर या मापाने ठरतो. बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर केवळ एका टप्प्यावर सुमारे २३ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मृदंगावर गाण्यासारखे होते. १२८ वर हा विलंब तीन मिलिसेकंदांवर येतो आणि जाणवत नाही, पण संगणकावर ताण वाढतो व आवाज तडतडू लागतो. मुद्रण करताना बफर लहान, मिश्रण करताना मोठा, ही रीत पाळावी. विंडोज संगणकावर यासाठी ॲसिओ प्रकारचा ड्रायव्हर लागतो. तो ध्वनियंत्राच्या निर्मात्याकडून मिळतो. अनेकांचे सॉफ्टवेअर खराब नसते, हा ड्रायव्हर निवडलेला नसतो इतकेच.

नगारा आणि थाळी टिपताना आणखी एक काळजी लागते. नगाऱ्याचा घुमारा आणि थाळीचा टणत्कार हे दोन्ही क्षणात फार उंच जातात आणि सॉफ्टवेअरच्या मापकावर लाल खूण उमटते. एकदा फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे सांधता येत नाही. २४ बिटवर मुद्रण करताना सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका आवाज खाली ठेवावा. कमी वाटला तरी तो नंतर वाढविता येतो.

उन्हाळ्यात वीज जाते, हे येथे वेगळे सांगावयास नको. डेस्कटॉप संगणक असल्यास यूपीएस घ्यावा आणि सॉफ्टवेअरमधील आपोआप जतन करण्याची सोय पाच मिनिटांवर लावून ठेवावी. रीपरमध्ये ती आपल्याला चालू करावी लागते. पंखा बंद करून मुद्रण करणे एप्रिल-मेमध्ये शिक्षाच असते. म्हणून भजनी मंडळींचे काम पहाटे उरकणे बरे.

काम टिकवायचे असेल तर

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन कंपनीने केकवॉकच्या ‘सोनार’ सॉफ्टवेअरचे काम एकाएकी थांबविले. जगभर अनेकांची वर्षानुवर्षांची गाणी त्याच सॉफ्टवेअरच्या फाईलमध्ये होती. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन विनामूल्य दिले म्हणून अनेकांचा जीव भांड्यात पडला. पुढे २०२५ मध्ये ती विनामूल्य आवृत्तीही मागे घेण्यात आली आणि सोनार हेच नाव नव्या रूपात, विनामूल्य श्रेणीसह परत आले. त्याआधी २००२ मध्ये ॲपलने लॉजिक बनविणारी एमाजिक कंपनी विकत घेतली, तेव्हा विंडोजवरील लॉजिकच्या ग्राहकांना असाच धक्का बसला होता. सॉफ्टवेअर कितीही मोठ्या कंपनीचे असले तरी त्याचे आयुष्य आपल्या हातात नसते.

वाशीमसारख्या जिल्ह्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. गोरबोलीतील जुन्या लेंग्या, जात्यावरच्या ओव्या, एखाद्या गावच्या भजनी मंडळाची खास चाल हे सारे प्रामुख्याने वृद्धांच्या कंठात आहे. पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाचा वारसा जपण्याची इच्छा मोठी आहे, हे त्यावरून दिसते. परंतु घरोघरची गाणी टिपण्याचे काम त्या त्या घरच्या नातवंडांनीच केले तर होईल, आणि आजी आज जे गाते ते दोन वर्षांनी पुन्हा गाईलच, याची शाश्वती नसते. अशा कामासाठी सर्वांत साधे सॉफ्टवेअर सर्वांत चांगले. ऑडॅसिटी पुरेसे आहे. मुद्रण एमपीथ्रीमध्ये न करता वेव्ह प्रकारात करावे, कारण एमपीथ्री जागा वाचविण्यासाठी आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देते.

मोठ्या कामातही गाणे पूर्ण झाल्यावर प्रत्येक ट्रॅक आरंभापासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाईल म्हणून काढून ठेवावा. मग उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी त्या फाईली कोठेही एका रेषेत लावता येतात. निवडीच्या वेळीच ही सोय विनामूल्य श्रेणीत मिळते की नाही, हे तपासावे.

शिकविणारा कोण, हाही निवडीचा एक निकष आहे आणि तो अनेकदा दुर्लक्षित राहतो. मराठीत या विषयावरील साहित्य अजूनही थोडे आहे; हिंदीत व्हिडिओ भरपूर, पण ते बहुतांशी एफएल स्टुडिओचे. गावातील किंवा जवळच्या शहरातील एखादा वाद्यवृंदवाला, कीबोर्डवादक जे सॉफ्टवेअर वापरतो तेच घेतल्यास अडल्यावर त्याला विचारता येते. कागदावर दोन गुण कमी असलेले, पण शेजारच्या माणसाला येणारे सॉफ्टवेअर नवोदितासाठी अधिक मोलाचे.

दोन सॉफ्टवेअर निवडून त्या दोन्हींवर एकच गाणे करून पाहणे, ही सर्वांत भरवशाची परीक्षा. गाणे दोन कडव्यांचेच असावे, परंतु ते शेवटपर्यंत न्यावे: मुद्रण, कापणे-जोडणे, मिश्रण आणि वेव्ह फाईल काढणे. मग ती फाईल हेडफोनवर, फोनच्या छोट्या स्पीकरवर आणि गावातील मंडपाच्या मोठ्या भोंग्यांवर ऐकावी. यासाठी रीपरचे ६० दिवस पुरतात. दिवस मोजण्यास आरंभ मात्र सॉफ्टवेअर संगणकात बसविल्यापासून होतो, हे लक्षात घेऊन माइक आणि ध्वनियंत्र हाती आल्यावरच ते संगणकात बसवावे.